वाचक विचारतात : मोटर दिवसभर चालू ठेवू का?

या महिन्याच्या टपालात पाणी, वीज आणि जमीन यांवरचीच पत्रं जास्त आहेत. त्यातली चार घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, तालुका मात्र छापते. तालुका कळल्याशिवाय पाण्याबद्दल काही सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची दहा एकर जमीन, त्यात तीन एकर मोसंबी. बोअर साडेचारशे फूट, पाणी साडेतीनशेवर लागतं. गेल्या वर्षी सरकारी योजनेतून साडेसात एचपीचा सौर पंप मिळाला. रात्री-अपरात्री वावरात जायचं सुटलं, बिलाचा घोळ संपला. आता मोटर सकाळी नऊपासून चारपर्यंत चालू शकते, पण बागेला रोज तेवढं लागत नाही. धाकटा भाऊ म्हणतो, ऊन फुकट आहे, पॅनेल रिकामं का ठेवायचं? तीस बाय तीसचं शेततळं घेऊ, तळाला प्लॅस्टिकचा कागद टाकू आणि हिवाळ्यातच बोअरनं भरून ठेवू. उन्हाळ्यात बागेला होईल, उरलं तर विकता येईल. शेजारचे चुलते मात्र आमच्याशी बोलेनासे झालेत. त्यांची विहीर जानेवारीतच तळाला गेली. काय करावं?
— एक शेतकरी, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : दादा, शेततळं जरूर घ्या. बोअरनं भरू नका. का ते सांगते, पण त्यासाठी थोडं गणित करावं लागेल.

आधी भावाची बाजू. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं, म्हणजे २२ लाख लिटर. साडेतीनशे फुटांवरून एक हजार लिटर वर आणायला, मोटर-पंपाची तूट धरून, साधारण दोन तृतीयांश युनिट वीज खर्च होते. साडेसात एचपीच्या पॅनेलवर स्वच्छ उन्हात दिवसाला तीस-पस्तीस युनिट निघतात. म्हणजे दिवसाला पन्नासेक हजार लिटर. बोअरनं साथ दिली तर दीड महिन्यात तळं काठोकाठ, आणि खर्च शून्य. भावाचं विजेचं गणित चोख आहे.

गडबड खाली आहे. आपल्या राज्याच्या सुमारे ८२ टक्के भागाखाली काळा पाषाण आहे, तुमच्याखालीही तोच. त्यात पाणी असतं ते मुरुमात, मांजऱ्यात (बारीक पोकळ्यांच्या खडकात) आणि कातळाच्या फटींत. त्या दगडातून सुटून येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के. दोन धरू. मग भूजलाची पातळी एक मीटर खाली गेली, तर त्या मीटरभर दगडातून निघालं किती? दोन सेंटिमीटर. आता तुमचे २२ लाख लिटर या हिशेबात बसवा : ११ हेक्टर जमिनीखालची पातळी पुरी एक मीटर उतरेल तेव्हा एक तळं भरेल. ११ हेक्टर म्हणजे २७ एकर. तुमची दहा. उरलेली सतरा कोणाची, ते चुलत्यांना विचारा. बोलत असते तर त्यांनीच सांगितलं असतं.

बोअर खोल आहे म्हणून ‘आमचं पाणी वेगळं, विहिरीचं वेगळं’ असं पाणाडे आणि बोअरवाले दोघंही सांगतात. खालच्या फटीत पाणी उतरतं ते वरच्या थरातूनच. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आणली, त्यामागचं कारणही हेच. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. तुमचं बोअर त्याच्या दुप्पट खोल आहे. ते आता बुजवा असं मी म्हणणार नाही, पण आणखी एक घेऊ नका.

दुसरं गणित वरचं. मार्च ते मे तुमच्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिलिमीटर तरी उडून जातं. नऊशे चौरस मीटरवर दहा मिलिमीटर म्हणजे रोज नऊ हजार लिटर. मोसंबीच्या मोठ्या झाडाला मे महिन्यात दिवसाला शंभरेक लिटर धरा. सहा बाय सहा मीटरवर एकरात ११० झाडं बसतात. म्हणजे तळं उघडं ठेवलं तर जवळजवळ एकरभर मोसंबीचं पाणी ऊन पिऊन जाणार. तेच पाणी पाषाणात राहिलं असतं तर त्यातला थेंबही उडाला नसता. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी फुकटच्या विजेनं उचलायचं, महाग कागदावर उन्हात पसरायचं आणि वर त्याला ‘जलसंधारण’ म्हणायचं. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

तिसरी गोष्ट कोणी बोलत नाही. पूर्वी वीज आठ तास यायची, कधी दिवसा, कधी रात्री, मध्येच फ्यूज उडायचा, डीपी जळाली की आठ-आठ दिवस अंधार. तो सगळा ताप होता आणि तो गेला हे चांगलंच झालं. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांना साप चावले आहेत, शॉक लागले आहेत. पण त्याच वेळात विहिरीचे झरे पाणी भरून काढायचे. आपण मुद्दाम न नेमलेला तो राखणदार होता. आता २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या खांबावरच्या कृषिपंपांनाही वीजबिल नाही. मोटर कधी बंद करायची हे सांगणारं बिलही गेलं आणि भारनियमनही. आता ते तुम्हालाच ठरवायचं आहे.

मग करायचं काय?

तळं पावसानं भरा. तुमच्याकडे पाऊस सरासरीइतका झाला, तर पाचेक एकरांवरून ओघळून जाणारं पाणी एवढं तळं भरायला पुरतं. उताराच्या खालच्या कोपऱ्यात जागा बघा, तोंडाशी गाळ बसायला छोटा खड्डा करा. जमेल तेवढ्या भागावर शेडनेट ओढा. बागेत पाचटाचं किंवा गवताचं जाड आच्छादन टाका. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांचं, फळ ऐन उन्हाळ्यात झाडावर असतं. पाण्याची शंका असेल त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला फुलणारा मृग बहार धरा, म्हणजे मे महिन्यात झाड नुसतं जगवायचं असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात वाळलेल्या मोसंबीच्या बागा तोडाव्या लागल्या, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं असेल. त्यात आंबिया धरून बसलेले किती होते ते आठवून बघा.

आणि रिकामं पॅनेल? सौर पंपाला युनिव्हर्सल कंट्रोलर बसतो. त्यावर पंप बंद असताना कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते. पंप बसवणाऱ्या कंपनीलाच विचारा. गावातल्या वायरमनकडून परस्पर जोडून घेतलंत तर पाच वर्षांची देखभाल-हमी हातची जाईल.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचं गाव आहे. तिथं २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. मागे आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचं आणंदचं कार्यालय होतं आणि तिथले पाण्याचे अभ्यासक तुषार शहा यांचा विचार होता. पंपाला लागणार नाही ती वीज तारेवर सोडायची आणि वीज कंपनीनं ती विकत घ्यायची. वर पाणी न उपसल्याबद्दल सुरुवातीला बोनसही ठेवला होता. ऊन हेच पीक झालं, मग बोअरचं पाणी उगाच कोण उपसेल? तुमच्या योजनेतलं पॅनेल तारेला जोडलेलं नाही, म्हणून तुमच्याकडे ऊन विकायची सोय नाही आणि पाणी विकायचा मोह आहे. हा दोष भावाचा नाही, योजनेच्या रचनेचा आहे. पुढच्या ग्रामसभेत हे बोला.

पाणी विकू नका. चुलत्यांकडे जा, चहा घ्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला दोघांनी मिळून त्यांच्या विहिरीत दोरी सोडून पातळी मोजायची असं ठरवा. दोन्ही मोटरी किती तास चालवायच्या ते त्या आकड्यावर ठरेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय की एक किलो साखरेमागे दोन हजार लिटर पाणी लागतं. हे खरं आहे का? मी चहातली साखर सोडली. नातू हसतो, म्हणतो, आजी, तुझ्या दोन चमच्यांनी मराठवाडा हिरवा होणार का?
— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

उत्तर : आकडा खरा आहे, थोडा कमीच आहे. उसाला वर्षभरात हेक्टरी वीस हजार घनमीटरच्या आसपास पाणी देतात. ऐंशी टन ऊस, त्यातून साडेआठ टन साखर. भागाकार केलात तर किलोला दोन हजार तीनशे-साडेतीनशे लिटर येतात. पाण्याचा काही भाग झिरपून परत विहिरीत जातो हे खरं, पण उभ्या पिकाची तहान त्यामुळे कमी होत नाही.

एक हिशेब सांगते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी होतं. स्टेशनवर गर्दी, हार, कॅमेरे. त्या अख्ख्या गाडीतल्या पाण्यात साखर तयार होते चार पोती.

तरी नातवाचं बरोबर आहे. देशातली बरीचशी साखर घरातल्या बरणीत जातच नाही, ती शीतपेयं, बिस्किटं आणि मिठाईवाल्यांकडे जाते. दोन चमचे सोडलेत ते तुमच्या तब्येतीला चांगलं. आणि हो, साखर सोडून गूळ सुरू केला असेल तर तोही उसाचाच.

उसाखाली राज्यातली पिकाची जमीन साधारण चार टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा मात्र दोन तृतीयांशाच्या घरात, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या अहवालात आलेलं आहे. म्हणून ऊसवाल्याला शिव्या द्यायची शहरात फॅशन आहे. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं बांधून दिलेला किमान दर आहे, कारखान्याची टोळी तोडायला येते, गारपिटीत ऊस लोळला तरी काहीतरी हाती लागतं. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो आणि बाजार समितीत त्याच्या खाली पुकारा होतो. मग माणूस काय लावेल? त्यात आता इथेनॉल आलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं, म्हणजे उसाचा तिसरा ग्राहक मोटारगाडी. २०२३ साली पावसानं ओढ दिली, ऊस कमी येणार असं दिसलं, तेव्हा डिसेंबरमध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर तडकाफडकी बंधन घातलं. कारखानदार ओरडले, त्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या होत्या. साखर महागू नये म्हणून इंधन थांबवलं, आणि मुळात दोन्ही अडलं होतं पाण्यापाशी. पाणी, ऊर्जा आणि अन्न यांचा एकत्र विचार करा असं संशोधक कशाला म्हणतात, ते या एका निर्णयात आहे.

तुम्हाला काही करायचंच असेल तर घरात महिन्याला पाच किलो ज्वारी आणा आणि खा. रब्बी ज्वारी बरीचशी जमिनीतल्या ओलीवर येते. सोसायटीतल्या चाळीस घरांनी मिळून थेट शेतकरी गटाकडून घेतली तर त्या गटाच्या पेरणीत फरक पडलेला दिसेल. भाकरी थापता येत नाही ही सबब निवृत्त शिक्षिकेनं सांगू नये.

प्रश्न : मॅडम, आमची मंगळवेढ्याला सतरा एकर. गावाजवळच्या वीज उपकेंद्राला जोडायचा सौर प्रकल्प येतोय, आठ एकर भाड्यानं मागताहेत. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दर वर्षी तीन टक्के वाढ. ज्वारीत एवढं सुटत नाही. दादा (वडील) म्हणतात, काळ्या आईवर काचा बसवणार नाही. मी पुण्याला नोकरीत, धाकटा इथं शेती करतो. तुम्हीच दादांना समजवा.
— एक वाचक, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर

उत्तर : दादांना मी समजावणार नाही. तुम्हाला दोन प्रश्न विचारते. सतरापैकी कोणती आठ? आणि धाकट्याला विचारलंत का?

मंगळवेढ्याची काळी, खोल, ओल धरणारी जमीन मालदांडी ज्वारीसाठी नावाजलेली आहे. त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. तशी जमीन एकही दिवस वीज न वापरता नुसत्या परतीच्या पावसावर धान्य आणि कडबा देते. ती पॅनेलखाली घालणं म्हणजे दुसरीकडे कुठंतरी तेवढंच धान्य पाणी उपसून पिकवणं. पण तुमच्याकडे सतरा एकर सगळी तशी नसणार. माळाची, मुरमाड, जिथं हुलगा पेरता आणि निम्मा येतो, ती आठ निघत असेल तर द्या, बेलाशक द्या. दिवसा शेतीला वीज मिळावी म्हणून हे प्रकल्प आहेत आणि ते कुठंतरी उभे राहायलाच हवेत. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात, तेव्हा आठ एकरांत जेमतेम दोन मेगावॉट बसतील. कंपनीला काळी हवी आणि माळ नको असेल, तर बहुधा सपाटीकरणाचा खर्च वाचवायचा असतो. तो त्यांचा प्रश्न.

करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. तेव्हा धाकटा साठीला आलेला असेल. मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये कोण काढणार, मध्ये कंपनी विकली गेली तर भाडं कोण देणार, पावसाचं पाणी कुठून काढून देणार, हे तीन मुद्दे लेखी घ्या. वकील तालुक्याचा नको, तुमच्या पुण्यातला करा.

पॅनेल उंच चौकटीवर बसवून खाली पीक घेता येतं. ही कल्पना १९८२ मध्ये गोएट्झबर्गर आणि झास्ट्रो या जर्मन संशोधकांनी मांडली, जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत पीक आणि पॅनेल एकाच जमिनीवर घेण्याचा प्रकल्प आहे. सांगाडा महाग पडतो, म्हणून कंपन्या स्वतःहून हा विषय काढत नाहीत. तुम्ही काढून बघा. निदान मेंढरं चारायची मुभा मागा. गवत कापायचा त्यांचा खर्च वाचतो, त्यामुळे ही मागणी मान्य होण्यासारखी आहे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. ज्वारीच्या काढणीला तुमच्याकडे ज्या बाया येतात, त्यांची तेवढ्या दिवसांची मजुरी आणि काही ठिकाणी पायलीभर धान्य जातं. भाडं मात्र सातबारावर नाव असलेल्यालाच मिळतं.

प्रश्न : मी कृषी अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला आहे. गाईड म्हणतात पाणी, ऊर्जा, अन्न, जमीन यांच्या ‘नेक्सस’वर, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या नात्यावर विषय घे. वाचलं तर सगळीकडे बाणांच्या आकृत्या. कुठून सुरुवात करू?
— एक विद्यार्थी, राहुरी

उत्तर : आकृत्या बाजूला ठेव. हा शब्द २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत बॉनला झालेल्या परिषदेनंतर गाजला. पण आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली, तेव्हाच हा सगळा विचार नियमांत उतरवला होता. पाणी माणशी, जमिनीवर नाही. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क. उपसा योजनेच्या पाण्यावर ऊस नाही. उचललेल्या प्रत्येक लिटरला वीज लागते आणि ती कोणीतरी भरायची असते, हे ज्याला ठाऊक होतं त्यानंच हे नियम केले. हिवरे बाजारला पावसाचं पाणी मोजून ग्रामसभेत पिकं ठरवतात आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाहीत, तेही तुझ्याच जिल्ह्यात, राहुरीहून फार लांब नाही. दोन्हीकडे आधी जाऊन ये.

विषय हवा असेल तर एक देते : ठिबकनं पाणी वाचतं का? हसू नकोस. ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा ‘सायन्स’मधला लेख वाच. वावराच्या पातळीवर वाचलेलं पाणी बहुतेक ठिकाणी नदीत किंवा भूजलात परत जात नाही. शेतकरी त्यावर आणखी दोन एकर भिजवतो, आणि पूर्वी पाटातून झिरपून खालच्या विहिरींना मिळायचं तेही बंद होतं. त्याचं उत्पन्न वाढतं, ते वाढायलाच हवं. पण सरकार अनुदान देतं ते ‘पाणी वाचवलं’ या नावाखाली. तुझ्या तालुक्यात खरं काय घडतं ते कोणी मोजलेलं असेल तर शोध, नसेल तर तू मोज.

एक कृषी फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी घे, ज्याच्या सगळ्या मोटरी एकाच पाणलोटात येतात असा. महावितरणकडून त्या फीडरचं दर महिन्याचं युनिट माग. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. ती पातळी घे. ठिबक कोणत्या गटात कधी बसलं ते कृषी सहायकाकडे असतं. पीकपाणी तलाठ्याकडे, पण त्यावर विसंबू नकोस, स्वतः बांधाबांधानं फिर. सातबारावर बाजरी आणि वावरात ऊस हा प्रकार तुला पहिल्याच आठवड्यात भेटेल. वीज वाढली आणि पातळी उतरली, तर ठिबकच्या आधी आणि नंतर भिजलेलं क्षेत्र किती ते काढ. माहितीच्या अधिकाराचा अर्ज शेवटी टाक. आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरशी ओळख कर. फीडरच्या नोंदींची वही त्याच्या टेबलाच्या खणात असते.